देठांचा हिशेब

आमच्या इमारतीची लिफ्ट नाण्याशिवाय हलत नाही.
सगळ्या रुस्तावीला हे ठाऊक आहे,
बद्री सोडून.
दर शनिवारी तो खालून ओरडतो, "मझिया!"
सात मजल्यांच्या खिडक्या उघडतात,
आणि मी जुन्या मोज्यात नाणं बांधून खाली सोडते.
मोजा परत येतो. नाणं लिफ्ट गिळते.

खिमा सकाळीच कालवून ठेवलाय.
कांदा, भरड मिरी, शहाजिरं,
आणि पाणी. अजून पाणी. घाबरायचं नाही,
मनगटं बधिर होईस्तोवर कालवायचं.
आत रस्सा नसेल तर खिंकाली कसली,
नुसतं डकवलेलं पाकीट, पत्राविना.

लमारा पाऱ्या लाटते, मी सारण भरते,
आणि त्सिउरी, माझी नणंद, कळ्या पाडते
मोठ्यानं मोजत,
सतरा, अठरा, एकोणीस.
एकोणिसाच्या खाली तिच्या लेखी सगळी गाठोडीच.
माझा नवरा नुगझार बारावर दमतो.
त्याची गाठोडी ती वेगळ्या ताटात ठेवते,
"ही तुझी. तूच संपव."

अकराच्या सुमाराला दारावर थाप.
सहाव्या मजल्यावरचे ओतार.
चाळीस वर्षं पोलादाच्या भट्टीशेजारी काढली या माणसानं,
आणि आमची कणीक आपटलेली याला खपत नाही!
भांडायला तोंड उघडलं,
तेवढ्यात नजर टेबलावर गेली.
"कडा जाड ठेवल्यात," म्हणाले,
आणि बाह्या सारल्या.
लष्करात असताना, म्हणे, दोनशे जणांचं रांधायचे.
बोटं ही अशी, लाटण्याएवढी,
पण कळ्या पडू लागल्या तशी
त्सिउरी मोजायचं विसरली.
मी मोजल्या. तेवीस.
"एकट्यासाठी कोण कणीक तिंबतं," एवढंच म्हणाले,
तेही कणकेकडे बघत.

मग पातेलं रटरटलं,
काचा घामेजल्या,
कारखान्याची धुराडी दिसेनाशी झाली.

काटा मागायचा नाही.
देठ चिमटीत धरायचा, खिंकाली उलटी करायची,
एक बारकासा चावा, आधी रस्सा ओढून घ्यायचा,
बाकीचं नंतर.
नव्या सदऱ्यावर ओघळ आला तर लपवायचा नाही.
आणि देठ खायचा नाही, ताटात ठेवायचा,
म्हणजे कोणी किती हाणल्या ते खोटं सांगता येत नाही.

बिअरचा पेला उंचावून आमच्यात
मित्रांचं नाव घेत नाहीत,
घेतलं तर न आवडणाऱ्याचं.
बद्री उभा राहिला, घसा खाकरला,
"आपल्या लिफ्टच्या नावानं!"
ओतार एवढे हसले की ठसका लागला,
लमारानं पाठ थोपटली,
जरा जास्तच वेळ, असं मला वाटलं.

भांडण पेटलं ते शेवटी, हिशेबावरून.
बद्री म्हणे चौदा. ताटात देठ नऊ.
नुगझारच्या ताटात तर चारच,
आणि त्यानं तेराव्यानंतर मोजणं सोडलेलं!
"गेल्या खेपेलाही तू..."
"मी? आणि इस्टरला कोणी..."
आवाज चढले, मिरीची डबी लवंडली,
त्सिउरीनं टेबलक्लॉथ वर केला.

खाली एलेने, वय वर्षं पाच,
फरशीवर देठांची रांग मांडून.
"हे ओतार आजोबा, हे आता वरच राहणार.
ही त्सिउरी आत्या, ओरडतेय.
आणि हा बद्रीमामा," एक देठ पार टेबलाच्या पायापाशी,
"हा अजून खालीच आहे.
नाणं नाही ना त्याच्याकडे."

बद्रीनं सगळे खिसे उलटे करून दाखवले.
तिचं म्हणणं खरं होतं.

रविवारी उठले तेव्हा घर मिरीच्या वासाचं.
उरलेल्या आठ लोण्यात टाकल्या,
तळ खरपूस होईपर्यंत.
नुगझार घोरत होता.
खालून काहीच आवाज नाही,
रेडिओ नाही, खोकलासुद्धा नाही.
दोन बश्या काढल्या. मग तिसरी.
आणि लाटणं हातात घेऊन
फरशीवर एकदा
चांगलं दणकून आपटलं.